तीन वर्तुळं एका बिंदूत मिळतच नाहीत, पोरांना काय सांगू?

कयाधूकाठ:

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत आठवी-नववीला भूगोल शिकवतो, आणि शिक्षक कमी असल्यामुळं विज्ञानही माझ्याकडंच आहे. प्रश्न शिकवण्याचा आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगावीच लागेल.

आमच्याकडं भूकंप हा नुसता पुस्तकातला धडा राहिलेला नाही. 21 मार्च 2024 ला पहाटे 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, आणि दहा-अकरा मिनिटांत 3.6 चा दुसरा. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5. पांगरा शिंदेच्या भागात तर जमिनीतून आवाज येणं लोकांना नवीन नाही. त्यामुळं नववीला ‘अंतर्गत हालचाली’ शिकवायला घेतलं की वर्गात एकही पोरगं झोपत नाही. प्रत्येकाला आपल्या घरची गोष्ट सांगायची असते. मांडणीवरची ताटं वाजली, म्हशीनं दावं तोडलं, आजीनं नातवंडांना दंडाला धरून अंगणात काढलं.

एक मुलगी म्हणाली, “सर, आधी ढग गडगडल्यावानी आवाज आला. आई म्हणली, थांब, काय हाय ते बघू. तेवढ्यात पत्रे हलाय लागले.” मला फार आनंद झाला. आधी आलेला आवाज म्हणजे प्राथमिक तरंग (पी), मागून आलेला हलवणारा म्हणजे दुय्यम तरंग (एस), आणि मधला “थांब” म्हणायला लागलेला वेळ हेच तर भूकंपाचं अंतर. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून वीज किती लांब पडली ते काढतात, तसंच. त्या दिवशी मी ठरवलं की हे नुसतं वाचून न्यायचं नाही, करून घ्यायचं.

इंटरनेटवरून एका भूकंपाचे तीन केंद्रांवरचे खरे आलेख छापून आणले. पाच गट केले. पी कुठं सुरू होतो, एस कुठं सुरू होतो, खुणा करा. मधले सेकंद मोजा, आठानं गुणा, तेवढे किलोमीटर. मग नकाशावर केंद्राभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. तिन्ही वर्तुळं जिथं मिळतील तिथं अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा. पुस्तकातल्या आकृतीत ती अगदी सुरेख एका बिंदूत मिळतात.

आमची एकाही गटाची मिळाली नाहीत. एकाच आलेखावर एका गटाला 21 सेकंद आले, दुसऱ्याला 24. म्हणजे 168 किलोमीटर आणि 192 किलोमीटर. कुणाच्या वर्तुळांमध्ये त्रिकोणी फट राहिली, तर कुणाची एकमेकांवर चढली. तीच मुलगी उठून म्हणाली, “सर, मग भूकंप झाला कुठं?”

मी म्हणालो, “कंपास हलला असंल तुमचा, परत काढा.”

रात्री घरी बसून मी स्वतः काढलं. टोकदार पेन्सिल, चांगला कंपास, तीनदा. माझ्याही वर्तुळांत फट राहिली. पोरांची चूक नव्हती आणि मी ती त्यांच्या माथी मारली, हे तेव्हापासून मनात सलतंय. सोमवारी वर्गात जाऊन सांगायचंय की चुकलं ते माझं सांगणं. पण त्यापुढं काय सांगू? शास्त्रज्ञांची तरी वर्तुळं मिळतात का? नसतील मिळत, तर दिल्लीत बसून दहा-पंधरा मिनिटांत आमच्या तालुक्याचं नाव कसं सांगतात? आणि पोरांनी विचारलेलं आणखी एक, ज्याला मला उत्तर देता आलं नाही: बातमीत दर वेळी “खोली 10 किलोमीटर” असंच का लिहिलेलं असतं?

हेळवाक:

सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी कोयना परिसरातल्या एका भूकंपमापन केंद्रावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. शास्त्रज्ञ नव्हतो. रोज सकाळी कागद बदलायचा आणि आदल्या दिवसाचा वाचायचा, हे काम. त्यामुळे 21 आणि 24 चं भांडण मला फार ओळखीचं आहे.

आमच्या वेळी काजळीचा कागद असे. गुळगुळीत कागद नळकांड्यावर गुंडाळायचा, खाली रॉकेलची ज्योत धरून तो काळा करायचा. यंत्राची सुई त्यावर पांढरी रेघ ओढत चोवीस तास फिरायची. काढताना बोट लागलं तर तेवढा भूकंप पुसला गेला म्हणून समजा. मग चपड्याच्या (लाखेच्या) द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. रेघ मिनिटाला 60 मिलिमीटर सरकायची, म्हणजे 1 मिलिमीटर म्हणजे 1 सेकंद. आता बघा, भिंगातून वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर अर्धा सेकंद, आणि तुमच्या आठाने गुणलं तर 4 किलोमीटर. कोयनेत धरण कुठे, गाव कुठे, सगळं त्या चार किलोमीटरांत येतं. म्हणून एकाने वाचलेलं दुसऱ्याने न बघता पुन्हा वाचायचं, अशी आमच्या साहेबांची शिस्त होती.

पी वाचायला सोपा. रेघ शांत असते, अचानक उसळी. एस मात्र पी ची थरथर चालू असताना तिच्यातच येतो. नवा माणूस तो हमखास उशिरा धरतो, कारण मोठा झोका दिसेपर्यंत तो थांबतो. तुमच्या 24 वाल्या गटाने बहुधा तेच केलं असेल. आणि आणलेले आलेख उभ्या हालचालीचे असतील तर एस आणखी लपतो. पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण हालचालीचा आलेख मिळाला तर तो द्या, एस त्यात ठळक दिसतो.

दुसरी डोकेदुखी घड्याळाची. रोज रेडिओवर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळेचा टिक-टिक संकेत लावून आमचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते वहीत लिहायचं. सह्याद्रीत पावसाळ्यात रेडिओ नीट लागेना की जीव खालीवर व्हायचा. एस वजा पी काढायला एकच घड्याळ पुरतं, पण चार केंद्रांच्या वेळा एकत्र लावायच्या तर चारही घड्याळं एक बोलायला हवीत. आता उपग्रहावरून वेळ मिळते, ती कटकट संपली.

एवढं काटेकोर कशासाठी, असं पोरं विचारतील. त्यांना कोयनेचं सांगा. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे मोठा भूकंप झाला, 6.3 चा. त्यानंतर वर्षानुवर्षं हजारो लहान-मोठे धक्के असे एकेक करून नकाशावर मांडले, तेव्हा दिसलं की ते साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच होतायत. दक्षिणेला वारणेचं धरण भरल्यानंतर ठिपके त्या बाजूलाही वाढले. धरणाच्या पाण्याचा आणि या धक्क्यांचा संबंध आहे, हे त्या ठिपक्यांवरून उभं राहिलं. ठिपका चार किलोमीटर इकडेतिकडे झाला असता तर हे चित्रच उमटलं नसतं.

फक्की आणि शिट्टी:

सर, मी सोलापूरकडची, विज्ञान आणि खेळ दोन्ही बघते. वर्तुळांच्या आधी एक तास मैदानावर घ्या. माझ्या मुलांना ‘अंतर वाढलं की दोघांमधला वेळ वाढतो’ हे तिथेच कळलं, फळ्यावर कळलं नव्हतं.

आमच्याकडे लेझीमची हलगी आहे. मैदानावर फक्कीने तीन केंद्रं काढते. प्रत्येक केंद्रावर एक मूल भिंतीकडे तोंड करून उभं. भूकंपाची जागा मी गुपचूप ठरवते, तिथे पायाखाली एक खडा. त्या खड्यापासून प्रत्येक केंद्राकडे दोन मुलं निघतात, एक पी आणि एक एस. हलगी सुरू झाली की एस एका ठोक्याला एक पाऊल टाकतो, पी एका ठोक्याला दोन. पी ने पाठीवर थाप मारली की केंद्रावरचं मूल ठोके मोजायला लागतं, एस ची थाप पडली की थांबतं. जेवढे ठोके, त्याची दुप्पट पावलं. 36 पावलांवरच्या केंद्रावर पी अठराव्या ठोक्याला पोचतो, एस छत्तिसाव्याला. फरक 18, दुप्पट 36. मुलं स्वतःच हा ‘दुपटीचा नियम’ शोधून काढतात. मग तुमचा आठाचा नियम आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. पी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जातो, एस साडेतीन, त्यातून आठच्या आसपासचा आकडा निघतो, हे त्यांनाच काढायला लावा.

मग सुतळीला पावलापावलावर गाठी मारून त्या मापाने फक्कीचे कंस काढायचे. आणि हो, तेही कधीच एका बिंदूत मिळत नाहीत! उंच पोराचं पाऊल लांब, कुणी ठोका चुकवतो. मी मुद्दाम दुरुस्त करत नाही. तिन्ही कंसांच्या मधल्या जागेत आठ-दहा मुलांना उभं करते आणि खडा शोधायला लावते. खडा बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी पायाजवळ सापडतो.

दोलक:

मी भूकंपशास्त्रात संशोधन करतो. तीन वर्तुळांची आकृती हा आमच्या विषयाचा दरवाजा आहे, पण आज कुणी वर्तुळं काढून भूकंप शोधत नाही. आणि आमचीही एका बिंदूत मिळत नाहीत. हे पोरांना बिनधास्त सांगा.

काम असं चालतं. आम्हाला चार गोष्टी माहीत नसतात: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप नेमका किती वाजता सुरू झाला ती वेळ. संगणक आधी एक ढोबळ अंदाज धरतो, समजा वसमतच्या उत्तरेला, इतक्या खोल, इतक्या वाजता. मग गणित करतो: हा अंदाज खरा असता तर नांदेडच्या बाजूच्या केंद्रावर पी किती वाजता पोचला असता? प्रत्यक्षात किती वाजता पोचला? दोन्हींत काही फरक उरतो. सगळ्या केंद्रांवरचे उरलेले फरक बघून अंदाज थोडा सरकवतो, पुन्हा मोजतो, पुन्हा सरकवतो. फरक आणखी कमी होईना की थांबतो. ही रीत लुडविग गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने 1910 साली मांडली. तेव्हा हे सगळं हाताने करावं लागे, आता क्षणात होतं. केंद्रांवरची नोंद उपग्रहामार्फत थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रात पोचते, म्हणून तुमच्या तालुक्याचं नाव इतक्या लवकर कळतं. नंतर माणूस बसून वेळा तपासतो आणि जागा थोडी बदलू शकते. उरलेले फरक कधीच शून्य होत नाहीत. फक्की-शिट्टी मॅडमनी आठ-दहा मुलं मधल्या जागेत उभी केली, ती आमच्या चुकीच्या कक्षेची अगदी बरोबर नक्कल आहे. आम्हीही बिंदूसोबत ‘इतके किलोमीटर इकडेतिकडे’ असं देतो.

तुमच्या त्रिकोणाबद्दल एक विचारतो. तो रिकामा होता, म्हणजे कुठलंच वर्तुळ तिथे पोचत नव्हतं, की तिन्ही वर्तुळं एकमेकांवर चढली होती? हा फरक मोलाचा आहे. आपण काढतो ते अंतर जमिनीवरून मोजलेलं नसतं, ते केंद्रापासून खाली भूकंपनाभीपर्यंतचं, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू झाला त्या जागेपर्यंतचं, तिरकं अंतर असतं. अपिकेंद्र 6 किलोमीटरवर आणि नाभी 8 किलोमीटर खोल असेल तर यंत्र सांगणार 10. पायथागोरस! ते 10 तुम्ही सपाट नकाशावर मारलं की वर्तुळ मोठंच येणार आणि तिन्ही एकमेकांवर चढणार.

पण हे जवळच्या केंद्रांचं. तुमच्या 168 किलोमीटरच्या आलेखावर 10 किलोमीटर खोलीने जेमतेम 300 मीटरचा फरक पडतो, नकाशावर तो पेन्सिलीच्या रेघेतच बुडतो. म्हणजे तुमची फट खोलीमुळे नाही, ती बहुधा एस च्या वाचनामुळे आहे. शिवाय दीडदोनशे किलोमीटरच्या पुढे पहिला पोचणारा पी हा कवचातून सरळ आलेला नसतो. तो खाली प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या थराच्या, माथ्यापर्यंत जाऊन तिथून सेकंदाला 8 किलोमीटर वेगाने पळत आलेला असतो. तिथे आठाचा नियमच डळमळतो. वर्गासाठी शंभर किलोमीटरच्या आतले आलेख घ्या.

यातच ‘खोली 10 किलोमीटर’चं उत्तर आहे. यंत्रं लांब असली की नाभी 5 किलोमीटरवर असो की 15, त्यांच्या वेळांत फारसा फरक पडत नाही. खोली ठरवता येत नाही, मग ती बहुतेकदा 10 वर पक्की धरून बाकीच्या तीन गोष्टी सोडवतात. दर वेळी भूकंप खरोखर बरोबर 10 वरच झाला, असा त्याचा अर्थ नाही.

पोरांना आवडेल असं एक सांगून ठेवतो. 12 जून 1897 च्या आसामच्या भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी बघून पी, एस आणि पृष्ठतरंग वेगळे ओळखणारे रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते. ही विद्या आपल्या मातीतल्या एका भूकंपावर उभी आहे.

हेळवाक:

दोलक यांनी खोलीचं सांगितलं त्यावरून आठवलं. केंद्र बघायला शाळेची पोरं यायची, त्यांच्यासाठी मी एक साधन केलं होतं. करायला दहा मिनिटं लागतात.

एक जाड पुठ्ठा घ्या. मधे एक फुली मारा, ते अपिकेंद्र. फुलीपासून तीन वेगवेगळ्या दिशांना 6, 15 आणि 15 सेंटिमीटरवर तीन भोकं पाडा, ही केंद्रं. तीन दोरे घ्या, 10, 17 आणि 17 सेंटिमीटरचे. प्रत्येकाचं एक टोक भोकात वरून गाठ मारून अडकवा, खालची तिन्ही टोकं एकत्र बांधा आणि त्या गाठीला एक नट किंवा लहान कुलूप लटकवा. पुठ्ठा आडवा धरला की गाठ बरोबर फुलीच्या खाली 8 सेंटिमीटरवर येऊन थांबते. ती भूकंपनाभी. पट्टी लावून मोजायला द्या.

एक अट आहे. फुली तिन्ही भोकांच्या आत हवी. भोकं सगळी एकाच बाजूला पाडली की एक तरी दोरा ढिला पडतो आणि गाठ भलतीकडेच लटकते. केंद्रं भूकंपाच्या भोवती का लागतात ते मुलांना हातात कळतं.

तीन दोऱ्यांपैकी एक थोडा आखूड केलात तरी गाठ कुठेतरी थांबतेच, फक्त वरखाली आणि थोडी बाजूला सरकते. तीन केंद्रांत चूक खोलीत लपून बसते, सर. म्हणून चौथं भोक 9 सेंटिमीटरवर पाडा आणि 12 चा दोरा घ्या. तोही ताठ राहिला तर वाचन जमलं. एक सेंटिमीटर आखूड घेतलात तर तो गाठीला वर ओढतो आणि बाकीच्यांतला कुणीतरी लगेच ढिला पडतो. चूक डोळ्यांना दिसते.

उमरगेकर:

शास्त्रातलं मला कळत नाही, एक विनंती फक्त. 30 सप्टेंबर 1993 ला मी नववीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावानं खूप सोसलं. पोरांना सेकंद मोजायला शिकवाल तेव्हा आधी हे शिकवा की आवाज आला की घराबाहेर मोकळ्यावर यायचं, बाहेर पडता येत नसेल तर बळकट टेबलाखाली डोकं झाकायचं. मोजणं त्यानंतर.

कयाधूकाठ:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उमरगेकर दादा, तुमचं वाक्य फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं आणि सराव दोनदा घेतला.

सोमवारी वर्गात उभं राहून सांगितलं की तुमचे कंपास हलले नव्हते, माझंच चुकलं. वर्ग शांत होता. मग पाचही गटांचे सेकंद एकाखाली एक लिहिले आणि हेळवाक काकांनी सांगितल्याप्रमाणं एस पुन्हा धरायला लावला, दुसऱ्या गटाचा आकडा न बघता. 24 वाले आपणहून 22 वर आले. फट गेली नाही, पण गटागटांतला फरक लहान झाला. दोलक सर, ती रिकामीच होती, कुठलंच वर्तुळ पोचत नव्हतं.

मंगळवारी दोऱ्याचं साधन केलं. हळदीची पोती शिवायचा दाभण आणि त्याचाच दोरा पोरांनी घरून आणला, पुठ्ठा उत्तरपत्रिकांच्या खोक्याचा, वजनाला सायकलचं कुलूप. गाठ खाली 8 सेंटिमीटरवर थांबली तेव्हा मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली. मग एका गटानं तिन्ही भोकं दक्षिणेला पाडली, लातूर-नांदेडच्या अंगाला. कुलूप तिरकं लोंबलं, एक दोरा ढिला. त्याच मुलीनं तो ढिला दोरा चिमटीत धरला आणि म्हणाली, “सर, मग वर वाशीमच्या अंगाला बी एक मशीन लागंल.”

नंतर तिला तिच्या घरचं विचारलं. आवाज आणि पत्रे यांच्यामध्ये किती वेळ गेला असेल? आईचं वाक्य तिनं तीन वेळा म्हणून दाखवलं, मी घड्याळ धरलं. दोन ते तीन सेकंद. म्हणजे 16 ते 24 किलोमीटर. तिनं तालुक्याच्या नकाशावर आपल्या गावाभोवती एक रेघ ओढली नाही. आधी 16 चं वर्तुळ काढलं, मग 24 चं, आणि खडू आडवा धरून मधली जागा रंगवली. आता बाकीची पोरं आपापल्या आईला विचारून येणार आहेत.